सह्याद्रीत पुन्हा बोगदे खोदण्याआधी: जलसंपदा, ऊर्जा आणि कामगार विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, जलसंपदा विभाग
मा. मंत्री, ऊर्जा विभाग
मा. मंत्री, कामगार विभाग
महाराष्ट्र शासन

विषय: उदंचन जलविद्युत प्रकल्पांच्या भूमिगत कामांवरील कामगारांची सुरक्षा करारात आणि निविदेत स्वतंत्र, सशुल्क बाब म्हणून घेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

२०२३पासून राज्य शासनाने उदंचन जलविद्युत प्रकल्पांच्या (पाणी वरच्या तलावात चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) सामंजस्य करारांचा सपाटा लावला आहे. जून २०२३मध्ये एनएचपीसी या केंद्राच्या जलविद्युत कंपनीबरोबर झालेल्या एकाच करारात चार ठिकाणं मिळून ७,३५० मेगावॅट आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटा पॉवरबरोबर शिरवटा आणि भिवपुरी मिळून २,८०० मेगावॅटचा करार झाला. यादी पुढेही वाढतच गेली. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याला दुसरा, आणि दोन्हींच्या मधे डोंगराच्या पोटात अधिजल बोगदा (पाणी वीजगृहाकडे आणणारा), उल्लोळ विहीर (पाण्याच्या दाबाचा धक्का झेलणारी), दाबनळांचे शाफ्ट (खोल उभ्या किंवा तिरप्या विहिरी), भूमिगत वीजगृह आणि अवजल बोगदा (वीजगृहातून पाणी बाहेर नेणारा). या करारांच्या बातम्यांत मेगावॅट असतात, गुंतवणुकीचे कोटी असतात आणि रोजगाराचा एक गोल आकडा असतो. तो रोजगार कुठल्या हवेत, कुठल्या छताखाली आणि कुणाच्या जबाबदारीवर करायचा, याबद्दल मात्र एक ओळही वाचायला मिळत नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही या धंद्यातले: ड्रिलर, ब्लास्टर, फोरमन, सर्वेअर, दाबनळाचे फिटर-वेल्डर आणि बोगद्याचे अभियंते. उद्या या डोंगरांत उतरणार आहोत ते आम्ही आणि आमच्या हाताखाली शिकलेली पोरं. प्रकल्पांना आमचा विरोध नाही. त्यांच्यावरच आमची चूल पेटते. वर उल्लेख केलेल्या कंपन्यांवर आमचा कसलाही आरोप नाही, त्यांची नावं फक्त कामाचा आवाका कळावा म्हणून घेतली आहेत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: निविदेत ज्या कामाला दर नाही, ते काम साइटवर होत नाही. खोदाईला घनमीटरमागे दर असतो. रॉकबोल्ट (खडक जखडणाऱ्या पोलादी सळ्या), शॉटक्रीट (खडकावर फवारलेलं काँक्रीट), काँक्रीट, ग्राउटिंग (भेगांत सिमेंट भरणं), सगळ्यांना दर असतो. ताजी हवा, वायूमापन, आत गेलेल्या माणसांची मोजदाद, सुटकेचा मार्ग आणि छातीची तपासणी यांच्यापुढे मात्र ‘ठेकेदाराच्या दरात समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. काम मिळतं सर्वांत कमी बोलीला. मग बोली खाली आणताना कात्री कुठे लागते, हे सांगायला अभियंता लागत नाही.

कोयनेचं उदाहरण आपल्या घरचं आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहापासून चौथ्या टप्प्याच्या २५० मेगावॅटच्या चार संचांपर्यंत, कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ रोजी शिवाजीसागराच्या तळाशी बोगद्याच्या तोंडचा शेवटचा खडक उडवून ‘लेक टॅपिंग’ झालं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या स्फोटाआधी बोगदा पाण्याखालच्या त्या तोंडापर्यंत राउंडमागून राउंड (ड्रिलिंगपासून छताला आधार देण्यापर्यंतचा एक फेरा म्हणजे राउंड) खोदत नेणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचं पुढे काय झालं, हे सांगणारी नोंदवही कुठल्याही विभागाकडे मागून पाहा.

एका राउंडचा हिशोब

साधारण सात मीटर व्यासाचा, ४० चौरस मीटर छेदाचा बोगदा घ्या. फेसवर, म्हणजे खोदाई चालू असलेल्या टोकाच्या भिंतीवर, ८०-९० छिद्रं, प्रत्येक तीन मीटरहून थोडं खोल. जम्बोने (ड्रिल बसवलेल्या मोठ्या गाडीने) ड्रिलिंगला अडीच-तीन तास. चार्जिंगला, म्हणजे छिद्रांत स्फोटक भरायला, सव्वा-दीड तास. दीडशे-पावणेदोनशे किलो स्फोटक लागतं. स्फोटानंतर धूर काढायला पाऊण तास ते एक तास. मग स्केलिंग, म्हणजे छताला लटकलेले सुटे दगड पहारीने किंवा मशीनने पाडणं, अर्धा ते एक तास. मक, म्हणजे फुटलेला खडक, उचलायला तीन तास: १२० घनमीटर खडक फुटून फुगला की जवळपास २०० घनमीटर होतो, म्हणजे वीसएक टिपर. नंतर बोल्ट आणि शॉटक्रीटला तीन-चार तास. सगळं धरून बारा तास, दिवसाला दोन राउंड, आणि प्रत्यक्ष प्रगती राउंडमागे पावणेतीन मीटरच्या आसपास.

आता यावर ‘मीटर बोनस’ लावा. महिन्याला अमुक मीटरच्या पुढे गेलात की मीटरमागे इतके रुपये, सगळ्या टोळीत वाटून. मशीन जितक्या वेगाने छिद्र पाडतं तितक्याच वेगाने पाडतं. टिपर वीसच लागतात. घाई करायला जागा उरते ती तीनच ठिकाणी: धूर काढणं, स्केलिंग आणि आधार देणं. म्हणजे माणसाला वाचवणारी जी तीन कामं, तीच बोनसच्या तोंडी जातात. यात कामगाराचा लोभ शोधू नका. मूळ मजुरी इतकी कमी ठेवलेली असते की बोनस धरल्याशिवाय घरी पैसे पोचत नाहीत.

धूर पुरता निघण्याआधी आत गेल्याने काय होतं, तेही सांगतो. स्फोटाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. नायट्रोजन डायऑक्साइड असतो, तो तपकिरी आणि हवेपेक्षा जड. तो छातीत गेला तर त्या वेळी फक्त खोकला येतो. फुप्फुसात पाणी भरायला काही तास, कधी दिवसही लागतो. माणूस पाळी संपवून कॅम्पवर झोपतो आणि रात्री धाप लागून उठतो. डॉक्टरला बोगद्याबद्दल कुणी सांगत नाही आणि कागदावर न्यूमोनिया लागतो. शिवाय बराचसा वायू मकच्या ढिगात अडकून राहतो आणि लोडरने बकेट घातली की सुटतो. म्हणून मक आधी पाण्याने भिजवायचा असतो. ही काही नवी विद्या नाही. पण पाणी मारणाऱ्याला दर नसतो.

न फुटलेल्या छिद्रांचंही असंच. मागच्या राउंडची अर्धवट उरलेली सॉकेट, त्यात स्फोटकाचा अंश असू शकतो. त्या सॉकेटमध्ये पुन्हा ड्रिल घालायचं नाही, हे प्रत्येक ब्लास्टरला तोंडपाठ असतं. सॉकेटमध्ये बिट आपोआप बसतं, खडकावर घसरत नाही, म्हणून घाईच्या वेळी हात तिकडेच जातो. मिसफायर असेल तर स्फोटक उकरून काढायचं नाही. किमान ३० सेंटीमीटर अंतरावर समांतर छिद्र घेऊन उडवायचं, आणि सुटणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला ते लेखी सांगायचं. ही लेखी नोंद बहुतेक ठिकाणी तोंडी होते, आणि पाळी बदलताना दोन टोळ्यांची गाठ बोगद्याच्या तोंडाशी, गाडीत चढता-उतरता पडते.

हवा

बोगद्यात चालणाऱ्या डिझेल इंजिनाला प्रत्येक किलोवॅटमागे सेकंदाला साधारण ०.०६ घनमीटर ताजी हवा लागते, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा. एक लोडर १८० किलोवॅटचा आणि दोन टिपर दोनशे-दोनशेचे धरले तर ५८० किलोवॅट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ घनमीटर. ही हवा दीड मीटर व्यासाच्या डक्टमधून (हवेच्या नळीतून) ढकलायची तर डक्टमधला वेग सेकंदाला वीस मीटर होतो, घर्षण वाढतं आणि पंखा दमतो. म्हणजे डक्ट मोठा हवा, नाहीतर पंखे जास्त हवेत, नाहीतर टिपर कमी हवेत. निविदेच्या कागदावर पंख्याची अश्वशक्ती लिहिलेली असते. फेसवर पोचणाऱ्या हवेचं माप कुणीच मागत नाही.

आणि खरी गळती तिथेच आहे. डक्टचं तोंड फेसपासून बोगद्याच्या छेदफळाच्या वर्गमुळाच्या पाचेक पट अंतरात असावं लागतं. ४० चौरस मीटरच्या बोगद्यात हे साधारण ३० मीटर. प्रत्यक्षात स्फोटाने डक्ट फाटतो म्हणून तो शंभर-सव्वाशे मीटर मागेच ठेवला जातो. शेवटच्या शंभर मीटरमध्ये हवा हलत नाही, आणि माणसं काम करतात ती तिथेच. उपाय साधा आहे: शेवटचा तुकडा सुटा ठेवायचा, स्फोटाआधी मागे ओढायचा आणि नंतर पुढे लावायचा. त्याला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांना दर नाही.

शाफ्ट

आमच्या मते उदंचन प्रकल्पांतली सर्वांत धोक्याची जागा बोगदा नसून शाफ्ट आहे. कोकणाकडे उतरणारे हे प्रकल्प म्हणजे शेकडो मीटर उभे किंवा तिरपे शाफ्ट, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

शाफ्ट सहसा दोन टप्प्यांत करतात. आधी खालून वर, रेझ बोररने किंवा अलिमॅकने (खालून वर खोदत जाणारी यंत्रं), दोन-अडीच मीटरचं पायलट होल. मग वरून खाली स्फोट करत ते रुंद करायचं. फुटलेला मक पायलटमधून खाली पडतो आणि खालच्या बोगद्यातून टिपरने निघतो. कागदावर सुटसुटीत आहे. मोठा धोंडा पायलटमध्ये अडकला की खेळ सुरू होतो. मक वर साचतो, पाझराचं पाणी त्यावर साचतं, आणि खाली माणूस उभा राहून ‘काय अडकलं’ म्हणून वर पाहतो. चोक सुटला की दगड, चिखल आणि पाणी एकदमच येतं. पळायला वेळ नसतो. दुसरी तऱ्हा वरून: दोर बांधून माणूस अडकलेल्या मकवर उतरवतात आणि पहारीने ढोसायला लावतात. पायाखालचा मक सुटला तर तो मकबरोबर खाली जातो.

हे टाळता येतं. स्फोटाची छिद्रं जवळ घेतली तर धोंडे लहान फुटतात. पायलटचा व्यास सर्वांत मोठ्या धोंड्याच्या किमान तिप्पट हवा. वरून किती घनमीटर पाडलं आणि खालून किती टिपर निघाले, याची बेरीज रोज जुळली पाहिजे. जुळली नाही तर मधे काहीतरी लटकलं आहे, आणि खालच्या तोंडाशी कुणीही जायचं नाही. वर काम चालू असताना खाली मकिंग बंद. चोक काढताना मकवर माणूस उतरवणं पूर्ण बंद. यातली प्रत्येक गोष्ट आम्ही कुठे ना कुठे केलेली आहे, आणि ज्या साइटवर ती सक्तीची होती तिथेच झाली.

शाफ्ट खोदून झाला की पोलादी दाबनळ. फेरूल, म्हणजे नळाचे सुटे तुकडे, एकेक करून विंचने खाली सोडतात, जागेवर जुळवतात आणि आतून-बाहेरून वेल्ड करतात. जाड, उच्च ताकदीचं पोलाद आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवावं लागतं. म्हणजे वेल्डर तापलेल्या नळकांड्यात बसून धुरात काम करतो. वेल्डिंगचा आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो; प्राणवायू कमी झालेला माणसाला कळत नाही, तो नुसता खाली बसतो. पुढे रंगाचं काम, त्याच्या द्रावकाची वाफ पेट घेणारी. इथे २४ व्होल्टचा दिवा, सतत चालणारा ब्लोअर आणि कमरेला प्राणवायूमापक, एवढं किमान हवं. मापक महाग नाही. तो दर काही महिन्यांनी तपासून घेणारा माणूस ठेवायला लागतो, आणि तोच नसतो.

‘आपला खडक चांगला आहे’

सह्याद्रीच्या कामांत हे वाक्य फार ऐकू येतं. काळा घट्ट बेसॉल्ट खरोखर चांगला उभा राहतो, आणि त्यामुळेच बोल्ट कमी मारायची सवय लागते. पण दख्खनचा खडक हा थरांचा आहे. दोन प्रवाहांच्या मधे रेड बोलचा तांबडा थर येतो. तो कोरडा असताना टणक दिसतो, पाणी आणि हवा लागली की फुगतो आणि भुगा होतो. तो छतात आला आणि त्यावर लगेच शॉटक्रीट झालं नाही, तर वरचा चांगला बेसॉल्टही लादीसारखा सुटतो. वरच्या घट्ट बेसॉल्टच्या भेगांत पाणी आणि खाली न झिरपणारा बोल, म्हणजे पाणी नेमकं त्या सांध्यावर. ताज्या शॉटक्रीटखाली एक मेगापास्कल ताकद येईपर्यंत माणूस जाता कामा नये, हे जगभर पाळतात. आपल्याकडे शॉटक्रीट संपता संपता जम्बो आत येतो.

याच वाक्याची दुसरी बाजू धुळीची. बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका कमी असते, म्हणून ‘इथे सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होत नाही’ असं सांगतात. अर्धं खरं आहे. पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरलेले थर असतात, आणि शॉटक्रीटच्या वाळूतही क्वार्ट्झ असू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इथे येणारा ड्रिलर आधी दहा वर्षं हिमालयातल्या क्वार्ट्झाइटमध्ये राबून आलेला असतो. त्याची छाती तिथून भरून आली आहे आणि इथे त्यात भर पडते. सिलिकोसिसला उतारा नाही, तो वर्षांनी दिसतो, आणि तोवर माणूस चौथ्या ठेकेदाराकडे असतो.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१मध्ये नदी वळवून वीज करण्यासाठी हॉक्स नेस्टचा सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदला. खडक जवळपास निव्वळ सिलिकाचा, आणि ड्रिलिंग कोरडं, कारण पाणी घालून ड्रिलिंग सावकाश होतं. बहुतेक कामगार बाहेरून आलेले कृष्णवर्णीय. त्या देशाच्या काँग्रेसपुढच्या चौकशीत मृतांचा आकडा ४७६ नोंदवला गेला; नंतरचा अभ्यास तो साडेसातशेच्या पुढे नेतो. तिथेही पाण्याला दर नव्हता, वेगाला होता.

अडकले तर

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात ऋषिगंगेच्या पुरात तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार गाडले गेले. त्या पुरात मेलेले आणि बेपत्ता मिळून दोनशेच्या वर. वरून येणाऱ्या पाण्याची सूचना देणारा भोंगा नव्हता, आणि नेमके किती जण होते याचा आकडा पुढचे कित्येक दिवस बदलत राहिला. नोव्हेंबर २०२३मध्ये सिलक्याराच्या रस्त्याच्या बोगद्यात ४१ जण सतरा दिवस अडकले. त्यांतले ३९ उत्तराखंडबाहेरचे. सुरुवातीचे दिवस ते जगले चार इंची पाइपमधून गेलेल्या हवेवर आणि चुरमुऱ्या-चण्यांवर. ऑगर मशीन दिल्लीहून विमानाने आणावं लागलं, आणि शेवटचा टप्पा हाताने खोदणाऱ्यांनी काढला. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणात श्रीशैलमच्या डाव्या कालव्याच्या बोगद्यात, तोंडापासून जवळपास १४ किलोमीटर आत, आठ जण पाणी आणि चिखलाखाली गेले. एकही वाचला नाही.

यावर सुटकेचा पाइप हा उपाय आहे: कमकुवत पट्ट्यात, जिथपर्यंत आधार पक्का आहे तिथून फेसच्या जवळपर्यंत ८००-९०० मिलिमीटरचा पोलादी पाइप तळाशी ठेवायचा आणि काम पुढे जाईल तसा पुढे न्यायचा. छत पडलं तरी माणूस त्यातून रांगत येतो. पाइप पुन्हा पुन्हा वापरता येतो. पण तो टिपरच्या आड येतो, म्हणून ‘खडक बरा आहे’ म्हणत आधी तोच काढला जातो.

इथे कायद्याची एक विचित्र गोष्ट सांगायलाच हवी. तीनशे मीटर खोल खाणीत काम करणाऱ्याला खाणीसाठीचे वेगळे नियम लागू होतात: परीक्षा देऊन मिळालेल्या प्रमाणपत्राचे पर्यवेक्षक, बचाव केंद्र, सक्तीचं प्रशिक्षण, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे निरीक्षक. तितक्याच खोलीवर, तीच स्फोटकं वापरून पाण्यासाठी बोगदा खोदला तर तो ‘बांधकाम’ ठरतो, आणि यातलं बरंचसं गळून पडतं. डोंगराला हा फरक कळत नाही.

कागदावरचा माणूस

मुख्य ठेकेदार, त्याखाली उपठेकेदार, त्याखाली पेटी ठेकेदार, त्याखाली मुकादम. कामगाराला माहीत असतो तो मुकादम. सुरक्षा अधिकारी नेमायची अट १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांवर होती, २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेत २५०वर आहे. पेटी ठेकेदारांच्या नावावर माणसं वाटली की दोन्ही आकडे चुकवता येतात.

बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर लागतो. हजारो कोटींच्या प्रकल्पावर तो किती होतो हे आपण जाणता. कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराने द्यायचा. बोगद्याची टोळी काम संपलं की दुसऱ्या राज्यात जाते. दाखला मिळेपर्यंत माणूस झारखंडला किंवा ओडिशाला पोचलेला असतो आणि उपकर इथे पडून राहतो.

मृत्यूची भरपाई पाहा. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्यातून आलेल्या सूत्रात मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा घटक. पण वेतन धरायची मर्यादा २०२०मध्ये १५,००० रुपये ठरवली गेली. तीस वर्षांच्या माणसाचा घटक २०७.९८, म्हणजे त्या मर्यादेने १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. जम्बो ऑपरेटर प्रत्यक्षात दुप्पट कमवत असला तरी तेवढेच. मीटर बोनस तर मस्टरवर येतच नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात. लेबर कॅम्प सपाट जागेवर उभारतात, आणि घाटात सपाट जागा म्हणजे ओढ्याचा काठ किंवा मक टाकून केलेला भराव. माळीण २०१४, तळिये आणि मिरगाव २०२१, इरसालवाडी २०२३. यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

आमच्या मागण्या

पाणी राज्याचं आहे, बहुतेक परवानग्या राज्याच्या आहेत. विकासक खासगी असो वा सरकारी, पाणीवापराच्या करारात अट घालणं आपल्या हातात आहे. त्यामुळे ‘हा ठेकेदाराचा प्रश्न’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

१. वायुवीजन, वायूमापन, धूळ दाबण्यासाठी पाणी, सुटकेचा पाइप, बचाव पथक, वैद्यकीय तपासणी या बाबींचे दर विकासकाने आधी ठरवून निविदेत स्वतंत्र घ्यावेत. त्यांवर बोली लावू नये. पैसे मोजमापावर द्यावेत: फेसवर हवेचा वेग मोजला तर पैसे, पंखा नुसता उभा असेल तर नाहीत.

२. मीटर बोनस बंद. मूळ मजुरी त्या प्रमाणात वाढवून मस्टरवर आणि बँकेतून. द्यायचाच असेल तर बोनस अपघाताशिवाय आणि नियम मोडल्याशिवाय गेलेल्या महिन्याचा द्यावा. अपघात लपवले जाऊ नयेत म्हणून त्याची पडताळणी बाहेरच्या माणसाने करावी.

३. शाफ्टसाठी वेगळी कार्यपद्धती, मंजूर झाल्याशिवाय पायलट होल सुरू नाही. त्यात चोक काढण्याची पद्धत लिहिलेली असावी.

४. प्रत्येक तोंडाशी टॅली बोर्ड: आत जाताना बिल्ला अडकवायचा, बाहेर येताना काढायचा. पेटी ठेकेदाराचा माणूस असो की पाहुणा अभियंता, बिल्ल्याशिवाय आत नाही. वीज गेली तरी चालणारा टेलिफोन फेसपर्यंत.

५. खाणीसारखा पर्यवेक्षकाचा दाखला आणि खाणीसारखं बचाव पथक. अनेक प्रकल्प एकाच पट्ट्यात आहेत, तेव्हा घाटात मध्यवर्ती एक बचाव केंद्र उभारून त्याचा खर्च सगळ्या विकासकांत वाटावा. स्वतःचा प्राणवायू असलेलं श्वसनयंत्र वापरता येणारी माणसं तिथे चोवीस तास हवीत. काम थांबवण्याचा अधिकार असलेला निरीक्षक ठेकेदाराच्या पगारावर नसावा.

६. प्रत्येक भूमिगत कामगाराला आरोग्य पुस्तिका: कामावर येताना आणि सोडताना छातीचा एक्स-रे, श्वसनक्षमता, श्रवण चाचणी, आणि कुठल्या खडकात किती महिने काम केलं याची नोंद. पुस्तिका कामगाराकडेच राहावी. राजस्थानने २०१९मध्ये सिलिकोसिसचं धोरण करून प्रमाणित रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात उपकराचा पैसा आहे, धोरण करावं.

७. कल्याणकारी मंडळाची नोंदणी साइटवरच, रुजू झाल्यापासून पहिल्या महिन्यात. ९० दिवसांची मोजणी बँकेत जमा झालेल्या मजुरीवरून करावी, ठेकेदाराच्या दाखल्यावरून नको.

८. कायद्यातल्या भरपाईवर प्रत्यक्ष मजुरीच्या हिशोबाने गट विमा, आणि सगळ्या साखळीची अंतिम जबाबदारी मुख्य ठेकेदाराची.

९. लेबर कॅम्पची जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पहिल्या पावसाळ्याआधी तपासून घ्यावी.

१०. दर तीन महिन्यांनी प्रकल्पनिहाय अपघात, मृत्यू आणि थांबवलेली कामं यांची यादी विभागाच्या संकेतस्थळावर. सुरक्षेच्या सूचना मराठीबरोबर हिंदी, ओडिया, बंगाली आणि नेपाळीतही, कारण फेसवर उभा असलेला माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही.

ज्या प्रकल्पांच्या भूमिगत कामाच्या निविदा अजून निघालेल्या नाहीत, त्यांच्या मसुद्यात पहिली, दुसरी आणि तिसरी मागणी सामील करावी, आणि तिन्ही विभागांनी एकत्र बसून आम्हाला एक तारीख द्यावी. काम सुरू झालेल्या ठिकाणी पुरवणी करारातून या अटी घालता येतात. राउंडच्या नोंदी, डक्टचे हिशोब, शाफ्टची कार्यपद्धती आणि टॅली बोर्डाचा नमुना घेऊन आम्ही यायला तयार आहोत. बैठक मंत्रालयात ठेवली तरी चालेल. साइटवर, पाळी बदलायच्या वेळी ठेवली तर जास्त बरं.

आपले,
जलविद्युत प्रकल्पांच्या भूमिगत कामांवरील ड्रिलर, ब्लास्टर, फोरमन, वेल्डर, सर्वेअर आणि अभियंते